संघटनात्मक अध्ययन

संघटनात्मक अध्ययन म्हणजे एखाद्या संस्थेने, कार्यालयाने किंवा उद्योगाने आपल्या अनुभवातून ज्ञान मिळवणे, ते जतन करणे आणि त्यानुसार आपली कार्यपद्धती बदलणे होय. व्यक्तीचे शिकणे आणि संस्थेचे शिकणे यांत फरक आहे. अनुभवी लिपिक निवृत्त झाल्यावर कामाची माहितीही त्याच्याबरोबर कार्यालयाबाहेर जात असेल, तर ती व्यक्ती शिकली, कार्यालय शिकले नाही, असे म्हणावे लागते. शिकलेली गोष्ट नियमांत, नोंदींत, प्रशिक्षणात आणि रोजच्या रीतीत उतरली म्हणजे ती संस्थेची होते. नवकल्पना स्वीकारण्याची आणि डिजिटल साधनांचा खरा लाभ घेण्याची संस्थेची क्षमता बऱ्याच अंशी या प्रक्रियेवर अवलंबून असते.

एकवलयी आणि द्विवलयी अध्ययन

अमेरिकी अभ्यासक क्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संघटनात्मक अध्ययनाची सविस्तर मांडणी केली. त्यांनी अध्ययनाचे दोन प्रकार मानले. एकवलयी अध्ययनात चूक दुरुस्त केली जाते, पण मूळ उद्दिष्टे व नियम तसेच राहतात. खोलीचे तापमान ठरलेल्या अंशावर राखणारे यंत्र असेच वागते. तो अंश योग्य आहे का, हा प्रश्न त्याला पडत नाही. द्विवलयी अध्ययनात हा दुसरा प्रश्न विचारला जातो.

ऊसतोडीच्या हंगामात काही गावांतील शाळांची उपस्थिती घटते. यावर हजेरीची तपासणी कडक करणे हे एकवलयी अध्ययन झाले. पालकांना पोटासाठी स्थलांतर करावे लागते हे लक्षात घेऊन मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करणे, हे द्विवलयी अध्ययनाचे उदाहरण ठरते. महाराष्ट्रात अशी वसतिगृहे चालवली गेली आहेत.

पीटर सेंगे यांनी १९९० मध्ये 'अध्ययनशील संघटना' ही कल्पना लोकप्रिय केली. वैयक्तिक प्रभुत्व, मनातील गृहीतके तपासणे, सामायिक ध्येय, सांघिक अध्ययन आणि समग्र प्रणालीचा विचार अशी तिची पाच अंगे त्यांनी सांगितली.

व्यक्त आणि अव्यक्त ज्ञान

लिहून ठेवता येते ते व्यक्त ज्ञान आणि हाताला, नजरेला सवयीने अवगत असते ते अव्यक्त ज्ञान. अव्यक्त ज्ञानाचा विचार मायकेल पोलान्यी यांनी मांडला होता. त्याच्या आधारे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मध्ये, अव्यक्ताचे व्यक्तात आणि व्यक्ताचे पुन्हा अव्यक्तात रूपांतर होताना संस्थेत नवे ज्ञान निर्माण होते, असे प्रतिपादन केले.

त्यांनी दिलेले मात्सुशिता कंपनीच्या घरगुती पाव यंत्राचे उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्रातील पावाला चांगल्या पावाची सर येईना. तेव्हा विकसन गटातील एका कर्मचारी महिलेने ओसाकामधील एका हॉटेलच्या मुख्य पाव कारागिराकडे उमेदवारी केली. कणीक ताणताना तो तिला पीळही देतो, हे तिच्या ध्यानात आले. ही हातोटी तिने अभियंत्यांना शब्दांत सांगितली आणि यंत्राची रचना तिला अनुरूप करण्यात आली. हे यंत्र १९८७ मध्ये बाजारात आले.

शोध आणि वापर

जेम्स मार्च यांनी १९९१ मध्ये नव्या शक्यतांचा शोध आणि हाती असलेल्या ज्ञानाचा वापर यांतील ओढाताण दाखवून दिली. वापराचा लाभ निश्चित व तात्काळ असतो, तर शोधाचा अनिश्चित व दूरचा. त्यामुळे संस्था हळूहळू वापराकडेच झुकते. कोडॅक कंपनीचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेऱ्याचा नमुना तयार केला. तंत्रज्ञान अशा प्रकारे घरातच होते. परंतु कंपनीचे उत्पन्न मुख्यतः फिल्म आणि छायाचित्र छपाईच्या साहित्यावर उभे होते आणि त्या व्यवसायापासून वेळेत दूर होणे तिला जमले नाही. जानेवारी २०१२ मध्ये तिने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. याउलट फुजीफिल्म या जपानी कंपनीने फिल्मच्या रसायनशास्त्रातील आपले ज्ञान पडद्यांसाठी लागणाऱ्या पातळ आवरणांत व सौंदर्यप्रसाधनांत वापरले.

अध्ययनातील अडथळे

वाईट बातमी वर न पोहोचणे हा मोठा अडथळा होय. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' यान नष्ट झाले. उड्डाणाच्या आदल्या रात्री थंडीमुळे सांध्यांतील रबरी कडी निकामी होण्याची शंका कंत्राटदार कंपनीच्या अभियंत्यांनी मांडली होती, पण उड्डाण थांबवले गेले नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यान कोसळून कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. टाकीवरील फेसाचे तुकडे सुटण्याचे प्रकार पूर्वीही घडले होते; मोठी हानी न झाल्याने ते नित्याचे मानले गेले. चौकशी मंडळाने अपघातास तांत्रिक कारणाइतकीच नासाची संघटनात्मक संस्कृती कारणीभूत ठरवली आणि 'चॅलेंजर'शी असलेले साम्य दाखवले.

एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात असे आढळले, की चांगल्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद अधिक होते. तेथे चुका जास्त होत नसून त्या उघडपणे सांगितल्या जातात, असा त्यांनी अर्थ लावला. चूक सांगितल्याने अपमान वा शिक्षा होणार नाही या सामायिक विश्वासाला त्यांनी १९९९ च्या लेखात 'मानसिक सुरक्षितता' म्हटले. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच दोरी ओढून मदत मागण्याची आणि गरज पडल्यास उत्पादन थांबवण्याची मुभा साध्या कामगारालाही असते. ही व्यवस्था याच तत्त्वाशी जुळणारी आहे.

डिजिटल बदल

कागद संगणकावर चढवणे आणि कामाची रीत बदलणे या भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील सातबारा उताऱ्यावरून हे स्पष्ट होते. हस्तलिखित नोंदी संगणकात भरताना नावे व क्षेत्र यांतील तफावती राहिल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेण्यात आले. उतारा खातेदारांसमोर वाचला गेल्याने चूक ज्याला ठाऊक, त्याच्याकडूनच ती कळण्याची सोय झाली. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागले. पूर्वी ती तलाठी करीत असे. येथे केवळ साधन बदलले नाही, तर नोंद कोणी करावी हा नियमच बदलला. मात्र ज्यांच्याकडे स्मार्टफोन किंवा नेटवर्क नाही, त्यांच्यासाठी पर्यायी मदत आवश्यक ठरते.

टीका

संस्थेला मन नसते, तेव्हा ती शिकते कशी, असा आक्षेप घेतला जातो. सर्व अध्ययन माणसांच्या डोक्यांतच घडते. सदस्य शिकल्याने किंवा नवे जाणकार सदस्य आल्यानेच संस्था शिकते, असे हर्बर्ट सायमन यांनी १९९१ मध्ये म्हटले. मात्र सदस्य काय शिकतो हे संस्थेतील इतरांच्या ज्ञानावर आणि तेथील वातावरणावर अवलंबून असते, हेही त्यांनी मान्य केले. अध्ययनाचे फळ मोजणे कठीण असते आणि प्रशिक्षणाचे तास किंवा खरेदी केलेल्या संगणकांची संख्या हे त्याचे अपुरे माप ठरते, हाही या संकल्पनेच्या वापरातील एक प्रश्न आहे.