चूल, बंब आणि धुराडे : सुरक्षित मांडणीची तत्त्वे

पुण्यातील जुन्या वाड्यांच्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब ही परिचित वस्तू होती. बंबाच्या मध्यभागातून एक उभे नळकांडे जाते; त्याच्या तळाशी जाळी असते, जाळीवर लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या शेंड्या अथवा कोळसे पेटवितात आणि भोवतालचे पाणी तापते. ही रचना साधी असली तरी तीत उष्णताशास्त्राचे एक महत्त्वाचे तत्त्व अंतर्भूत आहे. तापलेले वायू नळकांड्यातून वर चढतात आणि त्यांची जागा घेण्यासाठी जाळीखालून ताजी हवा आपोआप खेचली जाते. यालाच धुराड्याची ‘ओढ’ असे म्हणता येईल. तथापि बंबाचे नळकांडे खोलीतच संपते. पाणी तापविण्याचे कार्य ते उत्तम करते, परंतु धूर घराबाहेर नेण्याचे कार्य करीत नाही. चूल असो वा बंब, जळण सुरक्षित करावयाचे असेल तर ही दोन कार्ये प्रथम निरनिराळी ओळखली पाहिजेत.

या भेदाचे गांभीर्य एका साध्या हिशोबाने स्पष्ट होते. एक किलो कोरडे लाकूड पूर्णपणे जळण्यास सुमारे सहा किलो हवा लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे सामान्य तापमानास एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१ किलो भरते. म्हणजे एक किलो लाकडास साधारण साडेपाच घनमीटर हवा हवी. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच अशा न्हाणीघरात एकूण हवाच ५.४ घनमीटर असते. दार-खिडकी बंद असता त्या खोलीतील प्राणवायू एक किलो लाकूड जाळण्यासही पुरणारा नव्हे. प्रत्यक्षात तो संपण्याच्या पुष्कळ आधीच ज्वलन अपूर्ण होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी दृढपणे संयोग पावतो. त्यामुळे माणसास धोका जाणवण्यापूर्वीच त्याची शुद्ध हरपू शकते. धगधगत्या कोळशांतून धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक, ही समजूत याच कारणाने घातक ठरते. बंबाची जागा गॅसच्या गीझरने घेतली तरी बंद न्हाणीघराचा हा हिशोब बदललेला नाही.

धूर बाहेर नेण्याचे काम ओढीवर अवलंबून असते आणि ओढ तीन गोष्टींवर: धुराड्याची उंची, आतील वायूंचे तापमान व बाहेरील हवेचे तापमान. बाहेर २७ अंश सेल्सिअस आणि तीन मीटर उंच धुराड्यात सरासरी १७७ अंश तापमान असेल, तर पुण्याच्या हवेत ओढ सुमारे ११ पास्कल येते. हा दाब पाण्याच्या एक मिलिमीटरहून किंचित जाड थराच्या भाराएवढाच आहे. वायू थंड होऊन आतील तापमान ५७ अंशांवर आले तर ओढ तीन पास्कलपर्यंत घसरते. इतक्या अल्प बलावर सर्व व्यवस्था उभी असल्यामुळे मांडणीतील लहानसा दोषही मोठा परिणाम घडवितो. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा विजेचा पंखा लावला व हवा आत येण्यास पुरेशी वाट ठेवली नाही, तर खोलीतील दाब तेवढाच उतरून धूर उलटा आत येऊ शकतो. म्हणून जेथे धुराडे आहे तेथे हवा आत येण्याचा स्वतंत्र झरोका आवश्यक होय.

या तत्त्वांवरून मांडणीचे नियम क्रमाने निष्पन्न होतात. नळ शक्यतो सरळ उभा असावा. वळण अपरिहार्य असल्यास एका काटकोनाऐवजी ४५ अंशांचे दोन कोपर द्यावेत. आडवा भाग आखूड ठेवून त्यास बाहेरच्या दिशेने चढ द्यावा. नळाचा व्यास चुलीच्या धूरमुखापेक्षा कमी नसावा, कारण अरुंद नळ वायूंची वाट अडवितो. फार मोठाही नसावा, कारण रुंद नळात वायू मंद गतीने चढतात व निवतात. नळाच्या जोडांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. धूर फटीतून गळू नये म्हणून खालच्या नळाचे तोंड वरच्या नळात घालतात. वस्तुतः वरच्या नळाचे टोक खालच्या नळात जावयास हवे. ओढ नीट असेल तर नळाच्या आत दाब बाहेरपेक्षा कमीच असतो. फटीतून धूर बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. मात्र निवलेल्या धुरातून डांबरासारखा द्रव भिंतीवर जमून खाली ओघळतो, आणि जोड उलटा असल्यास तो बाहेर पाझरतो.

हाच डांबरट थर, म्हणजे क्रिओसोट, धुराड्यातील आगीचे मूळ आहे. ओले लाकूड आणि कोंडलेली आच यांमुळे तो झपाट्याने साचतो. एकदा पेटला की नळातील तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. म्हणून लाकूड वाळलेले असावे व नळ ठरावीक काळाने झाडता येईल असे झाकण तळाशी ठेवावे. नळापासून लाकडी वासे, रिपा व आढे दूर असणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दीर्घकाळ मंद उष्णता सोसलेले लाकूड हळूहळू कोळशासारखे बनते आणि नेहमीपेक्षा कमी तापमानास पेट घेते; वर्षानुवर्षे काही झाले नाही हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. अमेरिकेत रूढ असलेल्या अग्निसुरक्षा-नियमांत एकेरी पत्र्याच्या नळापासून जळाऊ वस्तू ४५ सेंटिमीटर दूर ठेवावी असे सांगितले आहे. तेथील नियमानुसार धुराड्याचे टोक छपरातून बाहेर पडते त्या ठिकाणापासून किमान ०.९ मीटर उंच आणि तीन मीटरच्या आत येणाऱ्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा किमान ०.६ मीटर उंच असावे. म्हणजे वाऱ्याच्या भोवऱ्यात सापडून धूर उलटत नाही. पुण्याच्या कौलारू घरांत यास पावसाळ्याचीही जोड द्यावी लागते: नळाभोवती पत्र्याची झालर व टोकावर टोपी हवी, परंतु टोपीखाली धुरास मोकळी वाट राहिली पाहिजे. पूर्वी अशा कामी ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे नळ वापरीत; त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असल्यामुळे जुना नळ करवतीने कापणे टाळावे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ पुढे आली. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू होऊन २००२ पर्यंत चालला. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने साच्यातून ओतलेली, दोन भांड्यांची व धुराड्याची ‘लक्ष्मी’ चूल प्रसृत केली. साच्यामुळे चुलीची अंतर्गत मापे कारागिराच्या अंदाजावर अवलंबून राहिली नाहीत, हा या पद्धतीचा विशेष गुण होय.

तरीही केवळ चूल बसविल्याने कार्य पुरे होत नाही. हॅना, डुफ्लो व ग्रीनस्टोन यांनी ओडिशात धुराड्याच्या सुधारित चुलींचा काही वर्षे मागोवा घेतला. त्यांचा प्रबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातील धूर घटल्याचे दिसले, पुढे तो परिणाम नाहीसा झाला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची निगाही राखली गेली नाही. वर केलेल्या विवेचनावरून याचे भौतिक कारण सहज ध्यानी येते. ज्या यंत्रणेची सारी शक्ती दहा-अकरा पास्कलांची, तीत बोटभर काजळी किंवा एक तडकलेला जोड पुरेसा असतो. शिवाय दोन भांड्यांच्या चुलीचे दुसरे तोंड उघडे राहिले तर हवा तेथूनच आत शिरते आणि आगीवरील ओढ मोडते.

याचा निष्कर्ष असा की धुराडे ही एकदा उभारून विसरण्याची वस्तू नव्हे. त्याची परीक्षा मात्र घरातील कोणासही करता येते. चूल पेटलेली असता, पंखा सुरू ठेवून आणि दार लोटून घेऊन, चुलीच्या तोंडाशी जळती उदबत्ती धरावी. धूर आत ओढला गेला तर व्यवस्था ठीक आहे. तो खोलीकडे वळला तर प्रथम दार-खिडक्या उघडाव्यात, आग विझवावी आणि मगच दोष शोधावा.