मोडलेल्या जहाजाचे तारे

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला खाली ठळक चमकतो तो अगस्त्य. टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांतल्या ‘आर्गो’ या अवाढव्य जहाजाचा हा तारा. अठराव्या शतकात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय याने जहाजाचे भाग पाडले: कॅरिना म्हणजे तळ, पपिस मागचा भाग, वेला शिडे. ताऱ्यांना ओळखण्याची ग्रीक अक्षरे मात्र त्याने अख्ख्या जहाजाला मिळून एकदाच वाटली. म्हणून अल्फा (अगस्त्य) आणि बीटा कॅरिनात, गॅमा वेलात, तर पपिसची सुरुवातच झीटापासून! तारकासमूहांच्या १९२२ च्या अधिकृत यादीत आर्गो नाही, पण अक्षरे टिकली. मला ही विसंगती फार मोलाची वाटते, कारण तीच जुन्या नोंदींशी धागा जोडते. १८४३ मध्ये व्याधाखालोखाल तेजाळलेला ईटा कॅरिनी जुन्या नोंदींत ‘ईटा आर्गस’ म्हणूनच शोधावा लागतो.