व्हिडिओ पाहिला, पण अभ्यास झाला का?

‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचावरचे एनपीटीईएलचे व्हिडिओ-अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, शुल्क लागते ते परीक्षेचे. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला स्वाध्याय असतो. त्यांतल्या सर्वोत्तम ८ स्वाध्यायांना २५ गुण, केंद्रावरच्या परीक्षेला ७५. म्हणजे खरी कसोटी परीक्षेतच.

मुदतीच्या आदल्या रात्री दीडपट वेगाने व्हिडिओ संपवणारे तिथे अडखळतात. पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि हे वाटणेच फसवे आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्याने मात्र उतारा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिले.

म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी व्हिडिओ थांबवावा आणि समजलेले न बघता वहीत लिहावे. अडेल तिथे मागे जावे. वेळ जास्त लागतो, पण तोच खरा अभ्यास. रोजची वेळ ठरलेली असावी. मोबाइलवरच शिकणाऱ्यांनी निदान तेवढ्यापुरत्या नोटिफिकेशन्स बंद ठेवाव्यात.

या आठवड्याचा स्वाध्याय बाकी असेल, तर आजच सोडवायला बसा.