सायटोक्रोम पाठ, कमलाबाई अनोळखी

लातूरच्या उद्योग भवन परिसरात क्लास सुटले की रस्ता मुलींनी भरून जातो. अहमदपूर, मुखेड, कंधार, देगलूरकडून आलेल्या, होस्टेलवर किंवा खोली करून राहणाऱ्या, ‘नीट’च्या तयारीला लागलेल्या मुली. नांदेडलाही हेच. ‘लातूर पॅटर्न’ने शेतकऱ्याच्या लेकीला डॉक्टर होण्याची वाट दाखवली, हे त्याचे मोठे काम. पण ज्या बायकांनी विज्ञान घडवले, त्यांची गाठ या मुलींशी कुणी घालून देत नाही, याचे मला वाईट वाटते.

अकरावीच्या जीवशास्त्रातले श्वसनाचे प्रकरण घ्या. इलेक्ट्रॉनच्या साखळीतले सायटोक्रोम-सी प्रत्येकीला पाठ असते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना दाखवले कमला भागवत यांनी, म्हणजे पुढच्या कमला सोहोनींनी. १९३९ मध्ये त्यांना तिथली पीएच.डी. मिळाली. दुर्गाबाई भागवतांच्या या सख्ख्या बहीण. दुर्गाबाई मराठी घराघरांत पोचल्या, कमलाबाई विज्ञानाच्या वर्गातही पोचल्या नाहीत. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर काम पाहू, मग ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला, आणि वर्षाअखेरीस रामन यांना त्यांची योग्यता मानावी लागली. मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरा, डाळी अशा साध्या माणसांच्या अन्नावर संशोधन केले.

हे सांगायला वेगळा तास नको. ८ मार्चला फलकावर फोटो लावून तर काहीच साधत नाही. नाव त्या-त्या धड्यातच यावे. डीएनएची रचना शिकवताना रोझलिंड फ्रँकलिन यांचे क्ष-किरण छायाचित्र दाखवावे. कर्करोगाचा विषय निघाला की पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे यांच्याबद्दल बोलावे. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात त्या पुढे होत्या. मूलकणांपाशी आल्यावर रोहिणी गोडबोले. भारतीय वैज्ञानिक स्त्रियांच्या कहाण्या सांगणारे ‘लीलावतीज डॉटर्स’ हे २००८ चे पुस्तक त्यांच्या सहसंपादनातले. ते शाळेच्या कपाटात असावे.

आणि तंत्रज्ञान म्हटले की मला किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे माणसांवर कोसळली. पुनर्वसनात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. हजारावर गावांत त्या घरोघर गेल्या. भूकंपात टिकणारे घर कसे असते, जुने घर मजबूत कसे करायचे, हे त्यांनी आधी स्वतः समजून घेतले आणि मग गावाला समजावले. ज्या बायकांना चावडीवर बोलायची सवय नव्हती, त्या बांधकामावर देखरेख करू लागल्या. मराठवाड्याच्या विज्ञानशिक्षणात याहून जवळचा धडा नाही, तरी तो कुठल्या नोट्समध्ये नाही.

औसा, निलंग्याच्या गावांत त्यांच्यापैकी कितीतरी जणी आज साठी-सत्तरीत असतील. बल आणि वस्तुमान शिकवताना भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी अशा एखाद्या मावशींना वर्गात बोलवावे आणि मुलींना विचारू द्यावे: माळवदावरची माती का उतरवायची, दोन भिंती कोपऱ्यात एकमेकींत का गुंतवायच्या, आणि गवंडी ऐकत नसेल तर त्याला कसे ऐकायला लावायचे.