सिस्टिक फायब्रोसिस आणि अस्थिधातू : अस्थिघनता मोजण्याची योग्य वेळ

अस्थिधातूचा क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वृद्धावस्था उभी राहते. रजोनिवृत्तीनंतरची स्त्री, वाकलेली पाठ, किरकोळ पडण्याने मोडलेले खुब्याचे हाड, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. परंतु विशी-पंचविशीतील तरुणाची, क्वचित बारा-तेरा वर्षांच्या बालकाचीही अस्थी वयाच्या मानाने फार विरळ असू शकते, आणि तशी ती असल्याचे ना रुग्णाला कळते, ना चिकित्सकाला. सिस्टिक फायब्रोसिस हा अशा व्याधींपैकी एक प्रमुख व्याधी होय. या व्याधीत अस्थीची तपासणी कोणाची, केव्हा आणि कशी करावी, आणि त्यात आपणा वैद्यांची जबाबदारी कोणती, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

व्याधीचा परिचय

१९३८ साली न्यूयॉर्कच्या विकृतिशास्त्रज्ञ डॉ. डोरोथी अँडरसन यांनी बालकांच्या स्वादुपिंडातील तंतुमय विकृतीचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून हा व्याधी स्वतंत्रपणे ओळखला जाऊ लागला. १९५३ मध्ये डॉ. पॉल दि सांत आग्नेसे यांनी अशा बालकांच्या घामात क्षाराचे प्रमाण अधिक असते, हे दाखविले. १९५९ मध्ये गिब्सन व कुक यांनी घाम गोळा करण्याची सुरक्षित पद्धत दिली. ती स्वेदपरीक्षा आजही निदानाचा मुख्य आधार आहे. घामातील क्लोराइड ६० मिलिमोल प्रतिलिटर किंवा त्याहून अधिक आढळले, तर निदानाला बळकटी येते. १९८९ मध्ये सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर नावाचे जनुक सापडले. माता व पिता दोघांकडून सदोष जनुक आले तरच अपत्याला व्याधी होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत ही शक्यता २५ टक्के असते.

या जनुकाच्या दोषामुळे शरीरातील स्राव घट्ट व चिकट होतात. फुप्फुसात कफ साचून वारंवार संसर्ग होतो. स्वादुपिंडाची स्रोतसे अवरुद्ध झाल्याने पाचक विकरे आतड्यात पोहोचत नाहीत, आणि स्निग्ध, दुर्गंधी, विपुल मलप्रवृत्ती होते.

हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, ही समजूत चुकीची आहे. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांतील नोंदींवरून ब्रिटनमध्ये सुमारे १०,००० ते १२,००० जन्मांमागे एक, तर अमेरिकेत सुमारे ४०,००० जन्मांमागे एक असे अंदाज मांडले गेले आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने व वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने भारतीय रुग्णांविषयी संशोधन प्रसिद्ध केले आहे. तरीही अनेक रुग्ण क्षयरोग, दमा, वारंवार होणारा न्यूमोनिया किंवा जीर्ण अतिसार या नावांखाली वर्षानुवर्षे उपचार घेत राहतात. कास, श्वास, ग्रहणी आणि कार्श्य एकत्र असलेले बालक आपल्याकडे येते, तेव्हा आईला एक प्रश्न अवश्य विचारावा : बाळाचा पापा घेतल्यावर ओठांना खारट लागते का? बोटांची टोके ढोलकाठीसारखी फुगलेली असणे, नाकात मांसांकुर असणे, गुदभ्रंश होणे, तसेच प्रौढ पुरुषात वंध्यत्व असणे, याही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

अस्थी क्षीण का होते?

पूर्वी या व्याधीची बालके लहानपणीच दगावत. अस्थीचा विचार करण्याची वेळच येत नसे. चिकित्सा सुधारली, आयुर्मान वाढले, आणि आज अमेरिका व ब्रिटनमधील नोंदणीकृत रुग्णांत प्रौढांची संख्या निम्म्याहून अधिक आहे. रुग्ण जगू लागले तेव्हा त्यांच्या अस्थींचा प्रश्न पुढे आला.

या क्षयाची कारणे अनेक असून ती एकमेकांना पोषक आहेत. स्निग्धांशाचे शोषण न झाल्याने त्यात विरघळणारी ड व के ही जीवनसत्त्वे कमी पडतात. फुप्फुसातील दीर्घकालीन दाहामुळे अस्थी झिजविणाऱ्या पेशींना उत्तेजन मिळते. वजन कमी राहते, तारुण्यागम लांबतो, हालचाल मंदावते. श्वासासाठी घ्यावी लागणारी स्टेरॉइड औषधे अस्थीला मारक ठरतात. पुढे अनेकांना या व्याधीशी संबंधित मधुमेह होतो. अस्थी घडविणाऱ्या पेशींतही सीएफटीआर हे प्रथिन असते, त्यामुळे मूळ दोषाचा काही भाग थेट अस्थीतच असावा, असेही मानले जाते.

मनुष्याच्या अस्थीची बहुतांश ठेव विशीपर्यंत जमा होते. ज्याची ही ठेव मुळातच अपुरी राहिली, त्याला पुढील झीज सोसण्यास आधार उरत नाही. म्हणून या व्याधीतील अस्थिक्षयाचा आरंभ बाल्यात व कौमारात शोधावा लागतो.

वाचकांना यात ओळखीचे सूत्र दिसेल. आहाररस नीट निर्माण झाला नाही तर उत्तरोत्तर धातूंचे पोषण होत नाही, हा आपला सिद्धांत आहे. अस्थी व वायू यांचा आश्रयाश्रयी संबंध इतर धातु-दोषांच्या उलट असतो, हे वाग्भटाने सांगितले आहे. सुश्रुताचा टीकाकार डल्हण याने पुरीषधरा कला व अस्थिधरा कला यांचे ऐक्य मानले आहे. आतड्याच्या बिघाडाने अस्थी पोखरणाऱ्या या व्याधीपुढे उभे राहिल्यावर ते मत नव्याने मनन करावेसे वाटते. मात्र साम्य दिसणे वेगळे आणि चिकित्सा सिद्ध होणे वेगळे, हा विवेक आम्ही येथे सोडू इच्छित नाही.

मोडलेली बरगडी आणि थांबलेला कफ

प्रौढ रुग्णांवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१० साली प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे २३.५ टक्के रुग्णांत अस्थिसुषिरता, तर ३८ टक्के रुग्णांत त्याआधीची घटलेल्या घनतेची अवस्था आढळली. कशेरुकांचे अस्थिभंग १४ टक्क्यांत, तर इतर अस्थिभंग सुमारे २० टक्क्यांत दिसले.

इतर कोणाची बरगडी मोडली तर काही आठवडे वेदना होतात व हाड जुळते. या रुग्णाचे तसे नाही. त्याचे जीवन दररोज खोकून कफ बाहेर टाकण्यावर अवलंबून असते. बरगडी किंवा कशेरुका मोडली की वेदनेमुळे तो खोकत नाही, छातीची फिजिओथेरपी सोसत नाही. कफ साचतो, संसर्ग बळावतो. कशेरुका दबून पाठीला पोक आले तर छातीची पोकळी आकुंचित होते आणि आधीच उणावलेले श्वसन आणखी उणावते. फुप्फुसरोपणाची वेळ आली, तर तीव्र अस्थिसुषिरता तेथेही आडवी येऊ शकते. या व्याधीत अस्थीचे रक्षण म्हणजे श्वासाचेच रक्षण होय.

आणि ही अस्थी मोडेपर्यंत बोलत नाही. केश, नख व दंत यांचे पतन, श्रम, संधिशैथिल्य ही अस्थिक्षयाची लक्षणे आपण जाणतो. परंतु कृश, दमलेल्या रुग्णात ती इतर कारणांनीही दिसतात, आणि ती नसतानाही घनता घटलेली असू शकते. म्हणून येथे प्रत्यक्ष मोजमापाला पर्याय नाही.

तपासणी कोणाची व केव्हा?

अमेरिकेच्या सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञांच्या एकमतानुसार १८ वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची डेक्सा तपासणी एकदा झालेलीच असावी. ८ वर्षांवरील बालकांत पुढीलपैकी धोक्याची खूण असल्यास ती १८ वर्षांपूर्वीच करावी :

१. वजन आदर्श वजनाच्या ९० टक्क्यांहून कमी असणे.
२. एफईव्ही-१ ही श्वसनक्षमता अपेक्षित प्रमाणाच्या ५० टक्क्यांहून कमी असणे.
३. वर्षातून ९० दिवस किंवा अधिक काळ, दररोज ५ मिलिग्रॅम किंवा अधिक स्टेरॉइड घ्यावे लागणे.
४. तारुण्यागम लांबणे.
५. पूर्वी अस्थिभंग झालेला असणे.

घनता समाधानकारक, म्हणजे स्कोर उणे १ च्या वर असेल, तर पुन्हा तपासणी ५ वर्षांनी करावी. उणे १ ते उणे २.५ या दरम्यान असेल तर २ ते ४ वर्षांनी, आणि त्याहून खाली असेल तर दरवर्षी. २०११ च्या युरोपीय मार्गदर्शनात पहिली तपासणी ८ ते १० वर्षांच्या वयापासूनच करावी व पुढे अहवालानुसार १ ते ५ वर्षांनी ती पुन्हा करावी, असे सुचविले आहे. तपशिलात थोडा भेद असला तरी आशय एकच आहे : हाड दुखण्याची वाट पाहू नये.

डेक्सा अहवाल कसा वाचावा?

डेक्सा तपासणीत दोन भिन्न ऊर्जांचे क्ष-किरण वापरून अस्थीतील खनिजाचे प्रमाण मोजतात. रुग्ण काही मिनिटे उताणा पडून राहतो, सुई टोचावी लागत नाही. क्ष-किरणांची मात्रा छातीच्या साध्या छायाचित्राहूनही कमी असते. प्रौढात कटिकशेरुका व खुबा, तर बालकात कटिकशेरुका व मस्तक वगळून संपूर्ण शरीर मोजतात. गर्भवतीची तपासणी करू नये. त्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नये. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी, कारण निरनिराळ्या यंत्रांच्या आकड्यांची थेट तुलना होत नाही.

अहवालात टी-स्कोर व झेड-स्कोर असे दोन आकडे असतात. टी-स्कोर तरुण निरोगी प्रौढाशी तुलना करतो, झेड-स्कोर समवयस्काशी. जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची उणे २.५ ही टी-स्कोरची मर्यादा रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी ठरलेली आहे. बालकाच्या अहवालात टी-स्कोर पाहणे ही मोठी चूक होय, कारण ज्याची अस्थी अजून वाढत आहे त्याची तुलना पूर्ण वाढ झालेल्याशी होते. बालकात, तसेच पन्नाशीच्या आतील पुरुषात व रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रीत झेड-स्कोर पाहावा. तो उणे २ किंवा त्याहून खाली असल्यास घनता वयाच्या मानाने कमी समजावी. आणखी एक सावधगिरी हवी. हे यंत्र लांबी-रुंदी मोजते, जाडी मोजत नाही. त्यामुळे ठेंगण्या बालकाची घनता प्रत्यक्षाहून कमी भासते. या व्याधीची बालके बहुधा ठेंगणीच असतात, म्हणून उंचीनुसार दुरुस्ती करून अहवाल वाचण्याची विनंती तज्ज्ञाला करावी.

आपल्याकडे गावोगावी हाडांच्या ठिसूळपणाची मोफत शिबिरे भरतात. तेथे टाच यंत्रात ठेवून ध्वनिलहरींनी तपासणी होते. ती डेक्सा नव्हे. या रुग्णाचे निदान किंवा पुढील देखरेख तिच्या आकड्यावर करता येत नाही. टाचेचा आकडा चांगला आला म्हणून रुग्णाला निर्धास्त करणे धोक्याचे आहे.

अहवालानंतर

रक्तातील ड जीवनसत्त्व दरवर्षी मोजून ते किमान ३० नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर राखावे, ९ वर्षांवरील रुग्णाला दररोज १३०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, के जीवनसत्त्वाची पूर्ती व्हावी, वजन वाढावे आणि वजन पेलणारा व्यायाम व्हावा, हा चिकित्सेचा पाया आहे. बिस्फॉस्फोनेट औषधांनी घनता वाढते, पण अस्थिभंग कमी झाल्याचे या व्याधीत अद्याप निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. शिरेतून दिल्यास तीव्र अस्थिशूल व ज्वर होऊ शकतो. म्हणून ती तज्ज्ञाच्या निर्णयानेच द्यावीत. २०१२ पासून मूळ प्रथिनाचा दोष सुधारणारी औषधे आली, २०१९ मध्ये तीन द्रव्यांचा संयोग आला, आणि अनेकांचे जीवन पालटले. परंतु त्यांची किंमत आपल्या सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे.

वैद्यांचे कर्तव्य

असा रुग्ण आपल्याकडे बहुधा कफाच्या तक्रारीसाठी येतो, आणि येथेच अस्थीचे नुकसान आपल्या हातून होण्याचा संभव असतो. कफप्रधान कास म्हणून लंघन सांगितले, दूध-तूप बंद केले, तर आधीच कृश असलेला रुग्ण अधिक कृश होतो. या व्याधीत आहार भरपूर, स्निग्ध व बलवर्धक हवा, आणि त्याबरोबर स्वादुपिंडाची विकरे प्रत्येक जेवणात हवीत. ती बंद करून दीपन-पाचन द्रव्यांवर भिस्त ठेवू नये. घृतकल्प दिला तरी विकरांवाचून त्यातील स्नेह मलावाटे निघून जाईल. प्रवाळ, शंख, मौक्तिक यांचे कल्प कॅल्शियमयुक्त असले तरी त्यांनी ड जीवनसत्त्वाची उणीव भरून निघत नाही. मूळ प्रथिनावरील नवी औषधे चालू असतील तर पिंपळी-मिरीयुक्त कल्प देण्यापूर्वी त्या तज्ज्ञाशी बोलावे, कारण पाइपरीन अशा औषधांच्या चयापचयात हस्तक्षेप करू शकते.

दम्यावरच्या बिननावी पुड्यांची चौकशी तर आवर्जून करावी. अशा काही पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. रुग्ण ‘देशी औषध’ म्हणून निःशंकपणे ती वर्षानुवर्षे घेतो आणि अस्थी झिजत राहते.

अस्थिगत विकारांत चरकाने पंचकर्म, विशेषतः तिक्त द्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांचे बस्ती सांगितले आहेत. तज्ज्ञाच्या संमतीने कोणी या मार्गाने जाणार असेल, तर आधीची व नंतरची डेक्सा, ड जीवनसत्त्व व वजन यांची नोंद ठेवावी. त्यावाचून केलेला दावा शास्त्राला भूषणावह होणार नाही.

प्रत्येक वैद्याने आपल्या रुग्णपत्रिकेत दोन ओळी वाढवाव्यात, अशी आमची सूचना आहे : या रुग्णाची डेक्सा झाली आहे का, आणि ड जीवनसत्त्व शेवटचे केव्हा मोजले? खर्च फार नाही, श्रमही फार नाहीत. या दोन प्रश्नांनी एखाद्या कुमाराची कशेरुका दबण्याआधी वाचली, तर त्याचा श्वासही वाचेल.