पडद्यावरचा वीर आणि दुकानातला कारागीर
घरगुती व्हिडिओ गेमच्या धंद्यात आपल्या माणसाला जागा आहे का?

नागपूरहून सावनेर-छिंदवाड्याकडे निघाले की थोड्याच वेळात कोराडी लागते. गाव येण्याआधी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. १९७४ साली येथे वीजनिर्मिती सुरू झाली. आज ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच येथे उभे आहेत. फिटर, वेल्डर, मोटार वाइंडिंग करणारे असे हातात हुन्नर असलेले लोक या भागात पुष्कळ. त्यांपैकीच एक वाइंडिंगचे कारागीर आमच्या जुन्या परिचयाचे. त्यांचा निरोप आला, "एकदा येऊन जा. घरात एका यंत्रावरून तंटा आहे आणि धंद्याबद्दलही विचारायचे आहे."

आम्ही संध्याकाळी पोहोचलो. तंट्याचे कारण टीव्हीखाली ठेवलेले होते. एक जुना, दुसऱ्या हाताने घेतलेला प्लेस्टेशन-४. त्यावर २०१८ साली आलेला स्पायडर-मॅनचा खेळ. नववीत शिकणारा मुलगा समोर बसला होता आणि त्याचे अब्बा मागे उभे होते. अब्बांचे म्हणणे, मुलाने आदळआपट करून कंट्रोलर बिघडवला. मुलाचे म्हणणे, त्याने काहीच केलेले नाही. दुसरा प्रश्न अब्बांचा होता. मोक्याच्या जागी एक गाळा भाड्याने मिळत आहे. त्यात नवीन यंत्र मांडून तासावर खेळायला द्यावे का?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आमच्या वाचकांच्याही उपयोगाची आहेत, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

खेळ चालतो कसा?

"चाचा, आधी बघा तर," असे म्हणून मुलाने खेळ सुरू केला. न्यूयॉर्क शहर पडद्यावर उभे राहिले. उजव्या हाताच्या तर्जनीखालचे बटण दाबून धरले की वीराच्या मनगटातून जाळ्याचा दोर सुटतो, समोरच्या इमारतीला चिकटतो आणि तो झोका घेतो. झोका खाली आला असताना बटण सोडले तर तो पुढे फेकला जातो. झोका वर गेल्यावर सोडले तर उंच उडतो. झाडाला दोर बांधून खेळलेल्या प्रत्येक मुलाला हे गणित ठाऊक असते. दोर हवेत लटकत नाही, त्याला चिकटायला काहीतरी लागतेच. मोकळ्या बागेत गेले की झोक्याची मजा ओसरते.

मारामारीतही नियम आहे. शत्रू वार करण्याच्या बेतात असला की वीराच्या डोक्याभोवती रेषा चमकतात. त्याच क्षणी गोल खुणेचे बटण दाबले तर तो बाजूला सरकतो. उशीर झाला की मार खातो. नुसती बटणे बडवून काम होत नाही, वेळ साधावी लागते. मुलाने आम्हांला कंट्रोलर दिला. आम्ही तीन वेळा रस्त्यावर आपटलो आणि चौथ्या वेळी एका इमारतीच्या भिंतीला चिकटलो. मुलगा हसून म्हणाला, "चाचा, हा आपल्या चिमणीवर किती वेळात चढला असता?"

एवढ्यात बिघाडही दिसला. आम्ही स्टिकला हात लावला नव्हता, तरी वीर आपोआप डावीकडे चालू लागला. तंट्याचे मूळ हेच.

चार केबीपासून पन्नास जीबीपर्यंत

सुपरहीरोला घरच्या पडद्यावर आणण्याचा धंदा नवा नाही. अमेरिकेत अटारी कंपनीने १९७९ साली सुपरमॅनचा खेळ काढला. तो सगळा चार केबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवलेला होता. आजच्या दोन थरांच्या ब्ल्यू-रे तबकडीवर ५० जीबी मावतात, म्हणजे सव्वा कोटी पट. २००४ च्या स्पायडर-मॅन-२ या खेळात ट्रेयार्क कंपनीने जाळे खऱ्याखुऱ्या इमारतींना चिकटवले आणि झोक्याला वजन आले. २००९ मध्ये लंडनच्या रॉकस्टेडीने बॅटमॅनचा खेळ काढून मारामारीची लय बसवली. आम्ही कोराडीत पाहिलेला इन्सोम्नियाक कंपनीचा खेळ पहिल्या तीन दिवसांतच ३३ लाखांवर विकला गेला. हा पोरखेळ आहे असे म्हणून व्यापाऱ्याने तोंड फिरवावे, अशी ही उलाढाल नाही.

आपल्याकडचा बाजार

नव्वदच्या दशकात आपल्या बाजारात सामुराई, मीडिया अशा नावांची आठ-बिटची यंत्रे आली. कॉन्ट्रा आणि मारिओ ही नावे गल्लीतल्या मुलांच्या तोंडी बसली. एका कार्ट्रिजमध्ये नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचे लेबल असे. प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ फिरून फिरून येत. ग्राहक फसत होता, पण स्वस्त माल म्हणून बोलत नव्हता.

पुढे प्लेस्टेशन-२ आले. जपानमध्ये ते मार्च २००० मध्ये निघाले, २०१३ च्या सुरुवातीला त्याचे उत्पादन थांबले आणि तोवर जगभरात पंधरा कोटींहून अधिक यंत्रे गेली होती. आपल्याकडे अनेक घरांत ते परदेशी असलेल्या नातेवाइकाच्या सामानातून आले. तेथेच गफलत होई. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्टचे आणि जपानमधले १०० व्होल्टचे. आपल्या भिंतीतल्या २३० व्होल्टला लावताच ते जळे. ट्रान्सफॉर्मर लावून वाचवले तरी अमेरिकन यंत्राचे चित्र जुन्या टीव्हीवर रंगांशिवाय उमटे आणि येथे घेतलेली तबकडी त्यात चालत नसे. ज्या मेकॅनिकला या तीन गोष्टी माहीत होत्या, त्याचे दुकान चालले.

मुंबईचा सुपरहीरो

हा सगळा माल बाहेरचाच, असे मात्र नाही. दिवाळीत, २६ ऑक्टोबर २०११ रोजी, शाहरुख खान यांचा 'रा.वन' चित्रपट लागला. त्याची कथाच व्हिडिओ गेमची आहे. मुलाला खलनायक आवडतो, म्हणून खेळ बनवणारा बाप त्याच्यासाठी नायकाहून बलवान खलनायक तयार करतो आणि तो खलनायक पडद्याबाहेर येतो. त्याच वर्षी या चित्रपटावरचा खेळ प्लेस्टेशन-२ आणि प्लेस्टेशन-३ साठी निघाला. तो सोनीने बाजारात आणला, पण बनवला मुंबईच्या ट्राइन या कंपनीने. घरगुती कन्सोलवरचा सुपरहीरो मुंबईत घडला, ही नोंद ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पुण्याचेही उदाहरण घ्या. तेथील नॉडिंग हेड्स कंपनीने 'राजी' नावाचा साहसी खेळ हाती घेतला. २०१७ मध्ये त्यासाठी काढलेली लोकवर्गणीची मोहीम फसली. तरी मंडळींनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये तो निंटेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये इतर कन्सोलवर. चित्रकला, संगीत, संगणक यांपैकी एखाद्या गोष्टीत गती असलेल्या मुलाला "दिवसभर खेळतोस" म्हणून रागावण्याआधी बापाने हे ध्यानात घ्यावे.

तासावरच्या दुकानाचा हिशेब

आता गाळ्याचा प्रश्न. आम्ही कागद मागवला आणि कारागिरांसमोरच आकडे मांडले. प्लेस्टेशन-५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले, तेव्हा तबकडीच्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. उदाहरणापुरते यंत्राचे ५० हजार, टीव्हीचे २० हजार आणि जादा कंट्रोलरचे ५ हजार धरले. भांडवल झाले ७५ हजार.

तासाला ४० रुपये दर, दिवसाला पाच तास गिऱ्हाईक आणि महिन्याला २६ दिवस धरले, तर आवक ५,२०० रुपये. त्यातून गाळ्याचे भाडे २ हजार, वीज सुमारे ४०० आणि नव्या खेळांसाठी महिन्याला १,६५० रुपये वजा केले. उरले ११५०. म्हणजे भांडवल सुटायला पासष्ट महिने, जवळजवळ साडेपाच वर्षे. हेच दिवसाला दहा तास गिऱ्हाईक लागले, तर तेरा महिन्यांत पैसे सुटतात. यात कारागिराच्या स्वतःच्या वेळेची मजुरी धरलेलीच नाही. सगळा धंदा तासांवर उभा आहे आणि ते तास आता मोबाईलने नेले आहेत. मुलाच्या खिशात फुकटचा खेळ असताना तो रोज ४० रुपये का देईल?

"मग बाजारातून कॉपी केलेल्या तबकड्या आणल्या तर?" कारागिरांनी हळूच विचारले. तो खर्च वाचतो हे खरे. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. संगणकाच्या प्रोग्रामची नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही कलम ६३ ब लागू होते. त्याहून पुष्कळांना माहीत नसलेली बाब अशी, की अस्सल तबकडी विकत घेतली तरी परवानगी घरगुती वापराची असते. प्रोग्राम भाड्याने देण्याचा हक्क कायद्याने मालकाकडेच ठेवला आहे. शिवाय स्थानिक परवाना वेगळा. दुसऱ्याच्या मेहनतीचा माल न विचारता विकायचा आणि आपल्या वाइंडिंगचे पैसे बुडवणाऱ्याला नावे ठेवायची, हे दोन्ही एकाच तोंडाने कसे म्हणता येईल? कारागीर गप्प राहिले. नंतर त्यांनीच तो कागद घडी करून बाजूला ठेवला.

खरी मजुरी कंट्रोलरच्या पोटात

मग आम्ही म्हणालो, "तो कंट्रोलर उघडून तर बघा." त्यांनी पेचकस घेतला, मागचे चार स्क्रू काढले, झाकण अलगद उकलले आणि स्टिकखालचा भाग उजेडात धरला. दोन मिनिटांनी त्यांचा चेहरा बदलला.

"अहो, हा तर रेडिओच्या व्हॉल्यूमचा धाकटा भाऊ!"

तो तसाच आहे. स्टिकच्या बाजूला दोन लहान पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या आणि एक उभ्या हालचालीसाठी. आत कार्बनचा पट्टा आणि त्यावर घासणारी धातूची पट्टी. स्टिक हलते तसा व्होल्टेज बदलतो आणि त्यावरून यंत्राला दिशा कळते. हजारो वेळा घासून कार्बन झिजला किंवा आत कचरा गेला, की स्टिक मधोमध असतानाही यंत्राला ती कललेली वाटते. वीर आपोआप चालू लागतो. धंद्याच्या भाषेत याला ड्रिफ्ट म्हणतात.

"म्हणजे आदळून नाही झाले?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "नाही. वापराने झिजले. तुमच्या मोटारीचे कार्बन ब्रश झिजतात तसेच." त्यांनी मुलाकडे पाहिले. बापलेकांत जे बोलणे झाले ते येथे छापण्याची गरज नाही. तंटा मिटला.

आमच्या कारागीर बांधवांनी ध्यान द्यावे ते येथे. नवीन कंट्रोलर काही हजारांना मिळतो. बदलायचा सुटा भाग त्यापुढे नगण्य किमतीचा असतो. मधले अंतर म्हणजे हाताच्या कसबाची मजुरी. डझनभराहून अधिक बारीक जोड सोडवायचे, जुने कथील ओढून काढायचे, पट्ट्या उखडू न देता नवा भाग बसवायचा. ज्याने रेडिओ, टीव्ही, मोबाईल उघडले आहेत, त्याला हे अवघड नाही. आता चुंबकावर चालणारे हॉल सेन्सरचे भागही मिळतात. त्यांत काही घासत नाही, म्हणून ते जास्त टिकतात. मात्र ते बसवल्यावर मध्यबिंदू नीट जुळवावा लागतो.

कंट्रोलरशिवाय तीन कामे नेहमी येतात. वायर ओढून तुटलेला एचडीएमआय पोर्ट. धुळीने गच्च झालेला पंखा. आणि प्लेस्टेशन-४ मध्ये चिपवरची वाळलेली थर्मल पेस्ट, जिच्यामुळे यंत्र तापून बंद पडते.

खबरदारीच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. प्लेस्टेशन-५ मध्ये पेस्टऐवजी पातळ धातू भरलेला असतो. तो विजेचा वाहक आहे. थेंब बाहेर सांडला तर बोर्ड जळतो. शिकल्याशिवाय त्याला हात लावू नये. वीजपुरवठ्याच्या भागातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले राहतात, धक्का बसतो. वॉरंटीतले यंत्र उघडण्याआधी गिऱ्हाइकाला तसे सांगावे. त्याचा खेळ आणि खाते यंत्रात साठवलेले असते. विचारल्याशिवाय काही पुसू नये. यंत्राचा क्रमांक पावतीवर लिहावा आणि काढलेला जुना भाग परत दाखवावा. विश्वास बसला की एक गिऱ्हाईक चार आणते.

नवीन यंत्रे विकायची असतील तर हेही लक्षात ठेवावे, की २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांच्या टप्प्यात घातले गेले. दर बदलत असतात. आजचा दर आपल्या हिशेबनिसाला विचारूनच किंमत लावावी.

शेवटी

त्या रात्री नवीन भाग नव्हता, म्हणून तात्पुरते साफ करून कंट्रोलर जोडला. आठवड्याने सीताबर्डीहून सुटे भाग आले आणि पहिला प्रयोग घरच्याच कंट्रोलरवर झाला. आता वाइंडिंगच्या दुकानात एका कोपऱ्यात बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न, भिंग आणि एक दिवा मांडलेला आहे. गाळा घेतला नाही. मुलगा शाळेतल्या मित्रांचे बिघडलेले कंट्रोलर गोळा करून आणतो, कोणते बटण चालत नाही ते खेळून सांगतो, अब्बा उघडतात. दुरुस्तीनंतरची परीक्षा मुलाकडेच आहे आणि त्यासाठी रोज एक तास खेळण्याची त्याला रीतसर मुभा मिळाली आहे.

भांडवल थोडे, उधारी नाही, कायद्याची भीती नाही आणि हातातले हुन्नर कामी आले. पडद्यावरचा वीर इमारतीवरून उड्या मारीत राहील. त्याला सरळ चालायला लावण्याचे काम मात्र आपल्या कारागिराचे आहे, आणि ते त्याने वेळीच हाती घ्यावे.