पगार, साहेब आणि हृदय

जुलै २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांच्या एका सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. 'ईवाय' समूहाच्या येरवड्यातील कार्यालयात ती चार महिन्यांपूर्वीच रुजू झाली होती. कामाच्या ताणाने मुलगी खचली, असे पत्र तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिले. कंपनीने दुःख व्यक्त केले, पण कामाच्या ताणाने मृत्यू झाल्याचे नाकारले. राज्याच्या कामगार विभागाने तपासणी केली, तेव्हा २००७ पासूनच्या त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले.

एखाद्या मृत्यूचे कारण दुरून ठरवता येत नाही. हजारो कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून मात्र निष्कर्ष काढता येतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, दीर्घ कामाच्या तासांमुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त दिसला.

हे घडते कसे? ताण आला की ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. काम संपले की ते उतरायला हवेत. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत १० ते २० टक्के खाली येतो. रक्तवाहिन्यांची ती विश्रांती असते. रात्री अकराला 'कॉल' आणि पहाटे पुन्हा लॅपटॉप असेल, तर ही विश्रांतीच कमी होते. त्यात हडपसरहून हिंजवडीला जायला दीड तास आणि यायला दीड तास लागला, की तो वेळही बहुधा झोपेतूनच जातो.

पण प्रश्न केवळ तासांचा नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडले की, कामाची मागणी खूप आणि स्वतःच्या कामावर ताबा कमी, ही जोडी सर्वाधिक त्रासदायक असते. 'लॅन्सेट'मध्ये २०१२ साली आलेल्या, सुमारे दोन लाख युरोपीय कर्मचाऱ्यांच्या विश्लेषणात अशा नोकरीत हृदयविकाराचा धोका २३ टक्के जास्त आढळला. जर्मनीचे योहान्स झीग्रिस्ट यांनी त्यात दुसरी बाजू जोडली: कष्टाच्या मानाने पगार, मान आणि नोकरीची शाश्वती मिळाली नाही, तर त्याचा भार शरीरावरही पडतो. म्हणजे रखडलेली पगारवाढ, चारचौघांत पाणउतारा करणारा साहेब आणि न मिळणारी रजा या केवळ कुरबुरी नव्हेत. डॉक्टरांनी रुग्णाला विचारावेत असे ते प्रश्न आहेत.

प्रत्यक्षात रुग्ण येतो तो आम्लपित्त, डोकेदुखी, धडधड किंवा निद्रानाश घेऊन. गोळी मिळते, कारण तसेच राहते. म्हणून डॉक्टरांना कामाचे तास, रात्रपाळी आणि झोप स्वतःहून सांगावी. तिशी गाठली नसली तरी रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा. घरात मधुमेह असेल तर रक्तातील साखरही तपासावी. छातीत दडपण, दम लागणे किंवा एका हाता-पायातली ताकद अचानक जाणे, ही लक्षणे 'डेडलाइन'नंतर पाहू म्हणून थांबवण्याची नाहीत. तत्काळ रुग्णालय गाठावे. आठवडेच्या आठवडे उदास वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

योगवर्ग आणि ध्यानाची ॲप उपयोगी आहेत, पण बारा तासांच्या दिवसावर तो उतारा नव्हे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट वेतन लिहिलेले आहे. एकाच विभागातले चार तरुण महिन्याभरात रक्तदाबाची गोळी सुरू करतात, तेव्हा तपासणी त्या विभागाच्या कामाचीही व्हायला हवी.